भरतीच्या वेळेवर भरणारी शाळा

मंडळी, आज उत्तनची शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांना आणि त्यांच्या शिपायाला भाईंदर स्टेशनावरून माझ्याच बैलगाडीतून नेलं. पूर्वी दुसऱ्याचे बैल हाकायचो, आता गाडी माझी आहे. कान मात्र अजून गाडीवानाचेच, मागे बसलेल्यांचं बोलणं टिपणारे.

अकराला पोचलो तर शाळेला कुलूप. भरतीबरोबर होड्या नुकत्याच किनाऱ्याला लागल्या होत्या, त्यामुळे मास्तर आणि पोरं सगळी किनाऱ्यावर. आम्हीही तिकडेच गेलो. साहेबांना बघून मास्तर गडबडले. म्हणाले, "आज गावात सण आहे, साहेब."

साहेब मान डोलावून वळणारच होते. तेवढ्यात मासळी निवडता निवडता गावातली कोळीण मारियाबाय बोलली, "सण कसला? आमचा मास्तर लय गुणाचा हाय, साहेब! होड्या लागल्या का पोरांना सोडतो, मावरं उतरलं का मंग शाला भरवतो. घड्याल बगत न्हाय. म्हणून तर माजी पोरगी शिकते!"

बाकीच्या बायकाही कौतुकाने हसल्या. मास्तर वाळूकडे बघत राहिले.

परतताना साहेब शिपायाला म्हणाले, "वेळापत्रक मोडतो आणि वर खोटंही बोलतो. याला काढायलाच हवं. दुसरा मिळेपर्यंत शाळा बंद."

मला राहवलं नाही. "साहेब, अकराच्या ठोक्याला शाळा भरवलीत तर पोरं यायचीच नाहीत."

"तुम्ही बैल सांभाळा," साहेब म्हणाले.

उद्या पुन्हा उत्तनची फेरी आहे. मारियाबाय गाडी अडवून विचारणारच, "साहेब खूश झाला ना?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ तिला?