शामण्णाच्या हातची हवा

"स्टेपनी बघितलीस का?"

शामण्णा माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच. कावीळ झालेला माणूस, डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात उठून बसायची ताकद नाही, आणि विचारतो काय तर डिकीतल्या जादा चाकाबद्दल. मी त्याआधी अर्धा तास त्याच्या खाटेपाशी उभा राहून वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांची नक्कल करत होतो. नाकात बोलणं, चष्म्यावरून बघणं, 'जीभ दाखवा' म्हणताना स्वतःचीच जीभ बाहेर काढणं... आसपासच्या चार खाटा हसत होत्या. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, जन्मभर लॉरी चालवलेला, मला म्हणाला, "तंबी, तू स्वल्प गप्प बस. तो मला टायरचं सांगत होता, ते अर्धं राहिलंय." म्हणजे बघा. मरणाच्या दारातही त्यानं माझा प्रेक्षक पळवला. मी म्हटलं, "बघतो की स्टेपनी, घाई काय आहे?" आणि निघालो. तिसऱ्या दिवशी कचेरीत फोन आला.

शामण्णा माझा आतेभाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याचं घराणं पार शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात, असं आत्याचे यजमान सांगायचे. खरं-खोटं त्यांना माहीत. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावले की दोन्ही. मी चिकोडीचा. माझे वडील, नाना, तिथल्या शाळेचे हेडमास्तर. मॅट्रिक होऊन, टायपिंग शिकून मी नोकरीला इथं आलो आणि चामराजपेटेत आत्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत मुक्काम ठोकला. येताना ट्रंकेत दोन शर्ट आणि गळ्यात पन्नास माणसं घेऊन आलो होतो. शाळेचा शिपाई, मामलेदार, निपाणीचा तंबाखूवाला, कीर्तनकारबुवा, आणि खुद्द नाना. आठवडाभरात गल्लीतल्या भाजीवाल्या अक्का आणि दूधवालाही माझ्या गळ्यात येऊन बसले. संध्याकाळी ओट्यावर मी सुरू झालो की समोरच्या घरातले लोक जेवणं सोडून येत. मला वाटलं, झालं, गल्ली आपली.

मग रविवार उजाडला.

शामण्णाकडे एक जुनी काळी गाडी होती. कॉफीच्या मळ्यावरून निवृत्त होऊन मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यानं ती घेतली. गाडीबरोबर आला एक पंप. असा पंप मी तोवर पाहिला नव्हता. हातानं दाबायचा नाही, पायानं तुडवायचा नाही. इंजिनाच्या चार प्लगांपैकी एक प्लग पान्यानं काढायचा, त्या भोकात हा पितळी पंप फिरवून बसवायचा, त्याची लांब रबरी नळी टायरला लावायची आणि गाडी सुरू करायची. तीन सिलिंडर गाडी चालू ठेवणार, चौथा टायरात हवा भरणार. गाडीचाच एक पाय कापून तिलाच पोसायचं म्हणा ना! आवाज तर असा, की दारू प्यालेला माणूस लंगडत जिना चढतोय. तो आवाज मला आजही हुबेहूब काढता येतो.

दर रविवारी सकाळी, इंजिन अगदी गार असताना, हा सोहळा. शामण्णाचे दोन नियम होते. एक, प्लग गार असल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन, स्टेपनी विसरायची नाही; "चार चाकं आपल्याला नेतात, पाचवं परत आणतं," म्हणायचा. भरून झालं की पेन्सिलीसारखा गेज लावून हवेच्या दाबाचा आकडा बघायचा, आणि मग शेवटी एक गंमत करायचा. बोटाला थुंकी लावून ते ओलं बोट टायरच्या व्हॉल्व्हवरून फिरवायचा. बुडबुडा आला तर हवा जातेय, नाही आला तर ठीक. बुडबुडा नाही आला की स्वतःशीच कन्नडात म्हणायचा, "सरी," म्हणजे ठीक. मग टोपण लावायचा.

एवढ्यासाठी गल्ली लोटायची. कोण स्कूटर ढकलत आणायचा, कोण सायकल. "शामण्णा, स्वल्प गाळी हाक्री," थोडी हवा भरा म्हणून आर्जवं. मी ओट्यावर कीर्तनकारबुवांच्या ऐन रंगात, आणि तिकडे ते इंजिन लंगडायला लागलं की माझ्या पुढ्यातली डोकी एकेक करून वळायची. भाजीवाल्या अक्का, ज्यांची मी इतकी सुरेख नक्कल करायचो, त्यासुद्धा टोपली माझ्यापाशी ठेवून हवा बघायला जायच्या. मी टोपली राखत बसायचो. कुणी म्हणेल, यात जळण्यासारखं काय आहे? मी जळायचो. उघड सांगतो. नक्कल करून मी लोकांना हसवायचो आणि लोक घरी जायचे. हा माणूस न हसवता, न बोलता, नुसतं वाकून काहीतरी करायचा, आणि लोक जाताना त्याच्या खांद्याला हात लावून जायचे.

तरी तेवढंही चाललं असतं. पण नाना आले.

नाना म्हणजे माझ्या नकलेला आयुष्यात एकदाही न हसलेला माणूस. लहानपणी मी त्यांच्यासमोर मामलेदार केला होता. बघितला सगळा, आणि म्हणाले, "छान. पण नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवण. तुझं ताट कुठंय?" तेव्हापासून मी त्यांना हसवायच्या मागे आहे. तर हे नाना आत्याला भेटायला म्हणून पहिल्यांदा बेंगळुरात आले आणि नेमके रविवारी अंगणात उभे राहिले. शामण्णानं गेज त्यांच्या हातात दिला. "मामा, तुम्ही वाचा." नानांनी चष्मा सारखा केला, वाकले, आणि निकाल वाचून दाखवावा तसे खणखणीत ओरडले, "अठ्ठावीस!" दुसरं चाक. "सव्वीस! हा जरा कच्चा आहे रे, याला वरच्या वर्गात घालू नकोस." गल्ली हसली. आणि मग नाना हसले. अहो, हसले म्हणजे खरंच हसले, दात दिसले. मी खिडकीतून बघत होतो. लहानपणापासून मी ज्या हसण्यासाठी घसा फोडला, ते एका हवेच्या आकड्यावर निघालं. जेवताना म्हणाले, "शाम कामाचा मुलगा आहे." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं असंही नाही.

पुढं चारेक महिन्यांनी माझ्या बहिणीसाठी बेंगळुराजवळच्या होसकोट्याचं स्थळ आलं. आपल्यातलेच लोक, तिकडे जुने स्थायिक. रविवारी सकाळी दहाला बोलणीला जायचं ठरलं, शामण्णाच्या गाडीतून. नाना शनिवारी रात्री उशिराच्या रेल्वेनं येणार होते. शामण्णानं शनिवारी सकाळीच पाचही चाकं भरली, बघितली, 'सरी' म्हणाला आणि कामावर गेला. दुपारी मला सुचलं, आज शामण्णाच करायचा. तोवर मी त्याची नक्कल केली नव्हती. जमत नव्हती खरं म्हणजे. त्याच्यात पकडायला काहीच नव्हतं, ना लकब, ना तिरकेपणा. मग मी डिकीतून स्टेपनी काढली, गेज घेतला, आणि आत्या न् शेजारच्या दोघी-तिघींसमोर सुरू झालो. वाकून गेज लावायचा, फुस्स. नानांच्या आवाजात, "अठ्ठावीस!" परत फुस्स. "सत्तावीस! पोरगं घसरतंय!" आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. मला चेव आला. मी नखानं व्हॉल्व्हची पिन दाबून धरली आणि ती लांबलचक शिट्टी वाजू दिली, वरून कीर्तनकारबुवांचा आलाप. माझा तो सगळ्यात मोठा हशा. डोळ्यांतून पाणी काढलं मी बायकांच्या.

स्टेपनी परत ठेवताना अंगठ्यानं दाबून बघितली. मऊ लागली. भरायला मला येत नव्हतं, कारण मी कधी जवळच गेलो नव्हतो. राहता राहिलं शामण्णाला सांगणं. म्हणजे 'हवा मी घालवली, आता तू भर' असं म्हणणं. ते मला जमेना. म्हटलं, लागतेय कशाला स्टेपनी उद्या? रात्री, नाना यायच्या आधीच, जेवताना आत्यानं हसत सगळं सांगितलं, "बाळूनं आज तुझी काय नक्कल केली म्हणतोस, स्टेपनी घेऊन!" शामण्णाही हसला. तो साधा माणूस, फुस्सचा अर्थ त्याच्या डोक्यात आला नसावा.

होसकोट्याच्या अलीकडे चार मैलांवर मागचं चाक खिळ्यावर गेलं. पंक्चर म्हणजे शामण्णाचं दहा मिनिटांचं काम. जॅक लावला, चाक काढलं, डिकी उघडली. स्टेपनीला हात लावला आणि थांबला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी रस्त्याकडेच्या चिंचा मोजायला लागलो.

नाना घड्याळ काढून उभे. "काय रे शाम?"

"चुकलं मामा. स्टेपनी बघायची राहिली."

"राहिली? तुझी?"

"हो मामा. माझी."

नानांनी घड्याळ परत खिशात टाकलं. हेडमास्तर माणूस, उशीर म्हणजे त्यांना चोरीच्या खालोखाल. शामण्णानं बॉनेट उघडलं. इंजिन तापून लाल. त्याचा स्वतःचाच नियम, गार असल्याशिवाय हात नाही... त्यानं रुमाल गुंडाळला आणि प्लग काढला. रुमालातून वाफ निघाली असं मला वाटलं. पंप बसवला, हवा भरली, उजव्या हाताची दोन बोटं तोंडात धरून डाव्या हातानं प्लग परत लावला. आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथले म्हातारे दारातच म्हणाले, "मास्तर वेळेचे पक्के असं ऐकलं होतं." नानांची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. लग्न जुळलं, बहीण सुखात आहे, पण ती मान काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि मला काय वाटलं असेल त्या वेळी? लाज? वाटली, थोडी. पण त्याहून जास्त मी चिडलो. चूक माझी आणि मोठेपणा याचा! अपराध करायला मी, आणि त्यातूनही चांगला ठरणार हा. पुढच्या रविवारी त्यानं हाक मारली, "बाळ्या, ये. प्लग काढायला शीक." दोन बोटांना चिंधी होती. बाकी एक शब्द नाही, टोमणा नाही. त्यानं टोमणा मारला असता तर मी त्याला माफ केलं असतं. मी म्हटलं, "मला नाही हात काळे करायचे." तो म्हणाला, "सरी." त्यानं परत कधी बोलावलं नाही, मीही कधी गेलो नाही.

शिकलो ते शेवटी इस्पितळात. पडल्या पडल्या त्यानं हवेतच पाना धरून दाखवलं. किती फेरे, हात कुठं थांबवायचा, नळीचं तोंड कसं बसवायचं. त्या दोन बोटांच्या शेंड्यांवर कातडी गुळगुळीत झाली होती, ठसा नसलेली. मी ती बघत होतो, म्हणून धडा अर्धाच डोक्यात शिरला. आणि मग शेजारच्या म्हाताऱ्याला शामण्णाचं कौतुक वाटलं, म्हणून मी डॉक्टरांची नक्कल सुरू केली... ते वर सांगितलंच आहे.

तेराव्याला नाना आले होते. माणसं बसली होती, कुणी काय, कुणी काय आठवणी काढत होतं. नाना म्हणाले, "गुणी पोर. एकदाच काय ते चुकलं त्याचं, होसकोट्याला जाताना." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथंच होतो. पन्नास माणसांचे आवाज माझ्या गळ्यात आहेत, त्या वेळी माझा एक निघाला नाही.

नाना, तुम्ही वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी शेवटच्या पानापासून वाचायला घेता आणि शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवता, हे मला माहीत आहे. तर इथवर आला असाल. स्टेपनी त्यानं बघितली होती. शनिवारी सकाळी, भरून, बोट फिरवून. ती हवा मी घालवली, लोकांना हसवायला, आणि तुमचाच आवाज काढून. त्या पोराची एकही चूक नव्हती. आता पेन्सिल कुठं फिरवायची ते तुम्ही ठरवा.

गेल्या रविवारी आत्या म्हणाली, गाडी पार बसलीय रे खाली. सकाळी इंजिन गार असताना मी बॉनेट उघडलं. प्लग काढायला मला पाऊण तास लागला. शामण्णाला दोन मिनिटं लागायची. पंप बसला, इंजिन लंगडायला लागलं, आणि गल्लीतली दारं उघडली. भाजीवाल्या अक्का धावत आल्या, मला बघितलं आणि उंबऱ्याशीच थांबल्या. त्यांना वाटलं होतं... जाऊ दे. मी चारही चाकं भरली. अठ्ठावीस, अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मागून कुणीतरी म्हणालं, "स्टेपनीही भरून टाक की."

मी नको म्हटलं. स्टेपनीतली हवा त्यानं भरलेली आहे, आजारी पडायच्या आधीच्या रविवारी. तिला गेजही लावू देत नाही मी कुणाला. गेज लावला की थोडी तरी जातेच, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? समोरचा स्कूटरवाला म्हणाला, "शामण्णा असता तर मोजली असती." बरोबर आहे. पण आता ती माझ्या ताब्यात आहे, आणि तिच्यात मी कुणालाही वाटेकरी करणार नाही.

सगळे गेल्यावर डिकी उघडली, टोपण काढलं, बोटाला थुंकी लावली आणि व्हॉल्व्हवर टेकवलं. बराच वेळ बघत राहिलो.

बुडबुडा आला नाही.