खांबाचा पाय

कुठल्याही देवळात शिरले की आमचे साहेब आधी वाकून खांबाचा पाय चाचपत. लोकांना वाटे, केवढा भाविक माणूस, देवाआधी खांबाला नमस्कार करतो! साहेब नखाने लाकूड टोकरून बघत असत. "वरचं काय बघता? पाय बघा," असं मलाही रोज ऐकवत.

भोर संस्थानच्या बांधकाम खात्यात ते इंजिनियर आणि मी त्यांच्या हाताखाली. विलायतेत शिकून आलेला माणूस म्हणून आम्ही लंडनच्या गमती ऐकायला टपलेले, आणि हे गृहस्थ सांगणार खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चबद्दल. रविवार आला की सायकलवर टांग टाकायची आणि एखादं गाव गाठायचं. गावात गेलं की आधी ग्रामदैवत, हा त्यांचा शिरस्ता तिथेही सुटला नाही. भिंत एका पिढीची, मनोरा दुसरीचा, खिडकी तिसरीची. यात बघण्यासारखं काय, हे मला बरेच दिवस कळेना.

एका चर्चमध्ये सुतार जुन्या तुळईचं कुजलेलं टोक कापून तिथे नवं लाकूड सांधत होता. ते बघायला साहेब पुन्हा पुन्हा गेले, आणि दर वेळी बूट दाराबाहेर काढून. तिथे फुलं मांडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, बिचाऱ्याचे बूट फाटले असतील. त्यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचे बूट आणून दिले. साहेबांना नाही म्हणवेना. तेच ढगळ बूट घालून ते भोरच्या बाजारातून फटक फटक चालत.

हिर्डोशीकडच्या एका गावी भैरवनाथाच्या सभामंडपाचे सागवानी खांब बुडाशी कुजले. मंडप पाडून पत्रे घालायचे, असं गावाने ठरवलं. साहेब हट्टाला पेटले. म्हणाले, कुजलेलं तेवढं कापू, खाली नवं लाकूड सांधू, मंडप वाचेल. पाटील शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमचं बराबर आसंल. पन तुटक्या-जोडक्या वस्तूला देव राजी व्हत न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला. विलायतेत ही अडचण कुणी सांगितली नव्हती. मग म्हणाले, "देवालाच विचारू."

गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवून कौल लावला. उजवं आधी पडलं तर होकार. विलायत पाहिलेला माणूस गावकऱ्यांत अनवाणी उभा, आणि त्या फुलावरून त्याची नजर हलत नव्हती. बऱ्याच वेळाने उजवं पडलं.

परतताना मी विचारलं, डावं पडलं असतं तर?

"उतरवला असता मंडप. देऊळ त्यांचं आहे." मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

महायुद्धाच्या दिवसांत साहेब तापाने गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो. साहेबांनी सांधून घेतलेल्या खांबांवर मंडप धडधाकट उभा होता. एक म्हातारी प्रत्येक खांबाच्या जोडावर बोटाने हळद लावत होती. कुंकू नाही, नुसतीच हळद का, म्हणून मी विचारलं.

"हितं कापल्यालं न्हाई का त्येला," ती म्हणाली. मग माझ्या मागे बघत तिने विचारलं, "सायेब न्हाई आलं?"

मी सांगितलं. बोटाला उरलेली हळद तिने पुन्हा त्याच जोडावर हळूच फिरवली.