मनगटावरची जास्वंद

ती घटना आठवली, की आधी डोळ्यांसमोर येतो तो मी काढलेला पंखा.

काढायचे होते खरे तर फूल. नागपुरात ठाण्याचा प्रभारी असताना एका बेपत्ता मुलीच्या डाव्या मनगटावरची ती खूण होती. तिच्या मैत्रिणीने सांगितली तशी मी कागदावर उतरवली आणि ऐटीत हवालदारांपुढे धरली. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "साहेब, पंखा तं तीन पात्यांचा असते. हा पाच पात्यांचा कोठचा?"

मुलगी कुहीकडच्या एका गावची, बाविशीची, नर्सिंग झालेली. लग्न ठरले होते. बस्त्याच्या खरेदीला घरची मंडळी इतवारीच्या बाजारात आली आणि साड्या पाहता पाहता ही दुकानातून नाहीशी झाली. "पोरीले पळवलं जी कोणी तरी," म्हणतच वडील ठाण्यात शिरले. आम्ही बेपत्ता नोंद घेतली आणि शहरातल्या तिच्या मैत्रिणीला बोलावून महिला शिपायासमोर विचारपूस केली. तासभर एकच उत्तर, "मले काही माहीत नाही जी." शेवटी मी म्हटले, "तिचं काही बरंवाईट झालं असेल तर?" तशी ती रडायला लागली. "चांगली आहे ती. कालच हातावर फूल गोंदवलं, फोटो पाठवला होता." फोटो तिने पुसून टाकला होता आणि फुलाचे नाव तिला येत नव्हते.

दुपारी घरी जेवताना मी तो पंखा खिशातून काढला. बायकोने भात वाढता वाढता एक नजर टाकली. "जास्वंद आहे. मधला दांडा दिसत नाही का? वीस वर्षं अंगणात आहे तुमच्या."

गुलाब आणि कमळ गोंदवून घेणारे पुष्कळ, जास्वंद मागणारे कोण? सीताबर्डीतल्या तिसऱ्याच दुकानातल्या गोंदणाऱ्याला ती पक्की आठवत होती. "मी म्हटलं, गुलाब घे, प्रेमाचं फूल असते. तं म्हणे, नाही, जास्वंदच पायजे. तिची फांदी तोडून कुठंबी खोचली तं लागते. अन् घड्याळाखाली झाकेल एवढीच काढा, दवाखान्यात ड्युटी आहे."

नागपुरात दवाखाना म्हटला की धंतोली, तिथे गल्लोगल्ली दवाखाने. दोन दिवसांत मुलगी सापडली. मी ठाण्यात पेढे वाटले.

ती समोर ताठ बसली होती. "मी पळाली नाही, साहेब. नोकरी करून राहिली. सज्ञान आहो. माझा जबाब लिहा अन् मले जाऊ द्या."

कायद्याने माझे काम तेवढेच होते. पण बाहेर बाकावर तिचे वडील रडत होते, आणि मी स्वतःला फार समंजस माणूस समजत असे. दीड तास समजावले. "बाप आहे तुझा. खाऊन थोडाच टाकणार आहे?"

"तुम्ही त्याईले ओळखत नाही," ती म्हणाली.

हे वाक्य जबाबात आले नाही. जबाबात आले ते असे: 'मी स्वखुशीने वडिलांसोबत जात आहे.' सही तिची. 'स्वखुशीने' हा शब्द माझा.

पंधरा दिवसांनी वडील पत्रिका घेऊन आले, माझ्या पाया पडले. मी आणि बायको, दोघेही लग्नाला गेलो. मला पहिल्या रांगेत बसवले. नवरीच्या हिरव्या चुड्याखाली, डाव्या मनगटावर पट्टी होती.

"चहा सांडला जी हातावर," वडील घाईने म्हणाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत भाजल्याच्या जखमा मी थोड्या पाहिल्या नव्हत्या. चहा नेमका घड्याळाएवढ्या जागेवर सांडत नाही. ते मला तिथेच कळले होते. तरी मी काही विचारले नाही. पंगतीत बसलो आणि जेवलो. तिने आमच्याकडे एकदाच पाहिले.

माणूस सापडला की तपास संपला, असे मी धरून चाललो होतो. ती घरून का निघाली, हे विचारणारा रकाना आमच्या नोंदीत नव्हता, हे खरे. पण विचारायला रकाना कशाला लागतो? पुढे निवृत्त होईपर्यंत सज्ञान मुलीचा जबाब मी तिच्याच शब्दांत लिहून घेतला. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी लग्नाहून घरी आल्यावर बायको चप्पल न काढता जास्वंदीपाशी थांबली आणि म्हणाली, "फूल कोणतं ते मला विचारलंत. पोरीला परत पाठवू का, तेही विचारायचं होतं."