आडनावाच्या आधी

शनिवारी दुपारी एम.एड.च्या वर्गात मी हजेरी घेतली. वर्ग दलित शिक्षकांचा होता. विषय होता स्वतःची ओळख, शाळेत झालेल्या जखमा आणि शाळेचे नेतृत्व. "वंदना मधुकर" एवढे वाचले आणि वंदनाताई "हजर" म्हणाल्या. आडनाव त्या आवाजाखाली बुडाले.

"ताई, तुमची गाडी कायम एक स्टेशन आधीच थांबते," मागच्या बाकावरून गायकवाड सर म्हणाले.

वर्ग हसला. वंदनाताईही हसल्या.

"चौथीत गुरुजी माझं आडनाव वाचून जरा थांबायचे," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात सगळी पोरं वळून बघायची. म्हणून मी थांबायला जागाच ठेवत नाही."

ते गुरुजी आता हयात नाहीत. त्या शाळेची इमारतही पाडली आहे. त्यांचे ते थांबणे मात्र कुठेतरी उभे असते, आणि हजेरी सुरू झाली की जवळ येते. पुढची नावे वाचताना कुठेही न थांबण्याची मी काळजी घेत होतो. बहुधा त्यामुळेच प्रत्येक आडनावापाशी अडखळत होतो.

सोमवारी वंदनाताई एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होणार होत्या. तास चालू असतानाच पेंटरचा फोन आला. दारावरच्या पाटीसाठी त्याला पूर्ण नाव हवे होते. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले.

"लिहून घ्या, मुख्याध्यापिका," त्या म्हणाल्या. "नावाचं नंतर कळवते."

मंगळवारी गायकवाड सर त्या शाळेत जाऊन आले. पाटी लागली आहे. 'मुख्याध्यापिका' या शब्दाच्या वर एका ओळीची जागा कोरी आहे.