शिवमूर्तीचं आक्रसलेलं पायताण

मुरगूडच्या बाजूला गुऱ्हाळं पेटली की शिवमूर्तीच्या दारात जीप उभी राहायची. गूळ करणाऱ्या या गुळव्याला न्यायला. ऊस दुसऱ्याचा, रस आटवायची काहील दुसऱ्याची, गूळही दुसऱ्याचाच. पण पाक कधी उतरायचा ते हा सांगणार आणि बागायतदार मान डोलावणार. घरावर पत्रा, अंगात फाटकी बंडी, पण तोरा असा की सगळा ऊस जणू यानंच लावलाय. त्याच्या बायकोला, रत्नव्वाला, या तोऱ्याचा मनापासून वीट आला होता.

शहाण्णव साली उकळता पाक पायावर उडाला आणि जखम काही केल्या भरेना. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, साखरेचा आजार आहे, रक्तदाबही आहे. गोड बंद करा, मीठ कमी करा, गोळ्या रोज घ्या; नाहीतर हृदय दमत जातं, मग पायाला पाणी उतरतं आणि श्वास पुरत नाही. ऐकून रत्नव्वाला थोरला दीर आठवला. तो असाच पाय सुजून, बसल्या जागी धापा टाकत गेला होता. तेच पुन्हा, आपल्या घरात, तिला बघायचं नव्हतं.

शिवमूर्तीनं साखर सोडली. सोडली म्हणजे काय, गावात दवंडी पिटायची तेवढी बाकी राहिली. लग्नात बुंदी वाढायला कुणी आलं की हात आडवा करून अख्ख्या पंगतीला आपला आजार सांगायचा. आणि घरी येऊन गुळाचा चहा, तोही तांब्याभर. साखर कारखान्यातली, गूळ मातीतला, त्यानं कुणाला काय होतंय, हे याचं शास्त्र. कट्ट्यावरचे पंडितही माना हलवायचे. दारातली म्हैस का खात नाही ते त्यांतल्या एकाला कळत नव्हतं, पण शिवमूर्तीच्या रक्तातलं सगळं कळत होतं. रत्नव्वानं बिनगुळाचा चहा करून बघितला, तो यानं अंगणात ओतला. मग ती तोंडाला येईल ते बोलायची आणि त्याच पातेल्यातला चहा आपल्याही कपात ओतून घ्यायची.

गोळ्यांची तऱ्हा आणखी निराळी. गुऱ्हाळ चालू असताना गोळी खाणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. आणि गुऱ्हाळ थांबलं की, आता बरं वाटतंय की, मग कशाला? मिठानं भरलेली खारातली मिरची मात्र त्याला बारा महिने चालायची.

दोन-तीन वर्षांनी पायताण घट्ट व्हायला लागलं. आता शहाण्या माणसानं पायाकडं बघावं. हा गेला पायताण करणाऱ्या पिराजीकडं भांडायला, कातडं कच्चं वापरलंस म्हणून. वापरून पायताण सैल होतं, आवळत नाही, हे तो बिचारा सांगत राहिला. यानं मोठ्या मापाचं नवं करून घेतलं, आणि दिवाळीनंतर तेही रुतायला लागलं. गाव म्हणालं, शिवमूर्ती अंगानं सुधारला. हा खूश!

"पायताण आक्रसलं व्हय?" रत्नव्वा रोज विचारायची. वरून हसायची आणि आतून घाबरायची. दवाखान्यात चला म्हणून विनवलं, भांडली, अबोला धरला. हंगाम संपू दे, एवढंच त्याचं उत्तर.

हंगाम संपायच्या आत तोच संपायला आला. काहिलीजवळ मटकन बसला. आडवा केला की घुसमटायचा, बसवला की जरा श्वास मिळायचा. ज्या जीपमधून मिरवत यायचा, तिच्यातूनच त्याला कोल्हापूरला नेला.

डॉक्टरीणबाईंनी अंगातलं पाणी काढलं आणि तो वाचला. हृदयाचं गेलेलं बळ सगळं परत येणार नाही, म्हणाल्या, पण गोळ्या चुकवल्या नाहीत तर आहे ते टिकेल. शिवमूर्तीनं केविलवाण्या आवाजात सांगितलं, साखरेला मी शिवलो न्हाय. तिथं रत्नव्वाचा बांध फुटला. गुळाचा चहा, मिरची, पिराजीशी भांडण, सगळं तिनं असं रंगवून सांगितलं की शेजारच्या खाटेवरचे आजारीही हसले. शिवमूर्ती भिंतीकडं तोंड करून पडला.

बाई हसल्या नाहीत. त्या रत्नव्वाच्या पायांकडं बघत होत्या.

"तो चहा तुम्ही पण पिता?"

"पिते की."

"आणि ही जोडवी कधीपासून रुतलीत?"

रत्नव्वानं खाली बघितलं. बोटं फुगली होती, चांदी मांसात गेली होती. वय झालं, अंग सुटलं, असं ती स्वतःला सांगत आली होती. साबण लावूनही जोडवी निघत नाहीत, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. तिचं रक्त तपासलं, दंडाला पट्टा बांधला. तोच आजार, तोच दाब. हृदय मात्र आत्ता कुठं दमायला लागलं होतं. आजपासून पथ्य आणि गोळ्या सांभाळल्या तर नवऱ्यासारखी गत टळेल, बाई म्हणाल्या. इतकी वर्षं ती नवऱ्यावर डोळा ठेवून होती, आणि आपलंही रक्त तपासावं हे कुणालाच सुचलं नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा.

जोडवी पकडीनं कापून काढावी लागली. शिवमूर्ती उशीला टेकून बघत होता. आता चिडवायची त्याची पाळी, हे ओळखून तिनं मान खाली घातली.

"जोडवी आक्रसली व्हय गं?" तो म्हणाला. हसला मात्र नाही.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन माणूस आला.

"दोन दे," शिवमूर्ती त्याला म्हणाला. "बिनगोडाचं. गूळबी नगं."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणाऱ्या रत्नव्वानं तो फिका चहा मुकाट्यानं पिऊन टाकला.