मदामची चौदा तारीख

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजच्या दारावर पिझ्झाची कूपन्स जमतात ना, तसे ते जमतात. एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, आणि एक दिवस मॅग्नेट सुटून सगळी पायाशी पडतात! मदामच्या वर्गाचं माझं तसंच झालंय.

तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच अमेरिकेत, फ्रीमाँटला आले होते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी एकच, ती सकाळी मिलिंदला घेऊन फ्रीवेला लागायची. आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एक फ्रेंच बाई फुकट फ्रेंच शिकवतात, हे मला लाँड्री रूममध्ये कळलं.

"फ्रेंच?" मिलिंद म्हणाला. "अगं, आधी ड्रायव्हिंग शीक!"

मी फारसं बोलतच नसे. मंगळवारी जाऊन मागच्या खुर्चीत बसले.

*

मदाम सत्तरीच्या. फ्रान्समध्ये शाळेत इतिहास शिकवायच्या, मग अमेरिकन नवऱ्यामागे इकडे आल्या. नवरा गेला, त्या इथेच राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर आठ बुरुजांचा किल्ला काढला.

"हा पॅरिसचा तुरुंग. तो आज पाडायचाय. नमस्कार-चमत्कार नंतर!"

माझी शेजारीण शुभा पुण्याची, तिला राहवेना. "मदाम, आम्हाला रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर देण्यापुरतं शिकवा ना!"

"तेच शिकवतेय," मदाम म्हणाल्या. "पाव परवडेना, म्हणूनच तर लोक रस्त्यावर आले!"

*

जूनच्या शेवटी क्लबहाउसच्या दारावर नोटीस लागली. नवा मॅनेजर ग्रेग शिस्तीचा माणूस. पंधरा जुलैपासून क्लबहाउसमध्ये वर्ग, सभा बंद; फक्त रहिवाशांचे घरगुती समारंभ.

आठवड्यातल्या त्या दोन दुपारी सोडल्या तर मी दिवसभर डिशवॉशरशी बोलत असे. आणि मदामकडे तर मिलिंदही नव्हता.

मदामनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. म्हणाल्या, "पंधरापासून ना? म्हणजे चौदा आपली! किल्ला पडला तो दिवस!"

*

वर्गात नलूमावशीही होत्या. नागपूरच्या, शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. आल्या आल्या ठणठणीत "जय भीम" म्हणायच्या. मदामही तितक्याच ठणठणीत परत म्हणायच्या. फ्रेंच शिकून काय करणार, असं शुभानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "फ्रेंच नको गं मला. तीस वर्षं पोरांना ही क्रांती शिकवली, ती बरोबर शिकवली की नाही ते तपासून पाहतेय!"

एकदा मदामनी सांगितलं, की किल्ला पडला तेव्हा आत कैदी होते फक्त सात. चार बनावट कागद करणारे, दोन वेडे, आणि एक घरच्यांनीच डांबून ठेवलेला उमराव.

"बस?" शुभा म्हणाली. "सात माणसांसाठी एवढं?"

"कैद्यांसाठी गेलेच नव्हते लोक," मावशी म्हणाल्या. "सकाळी बंदुका मिळाल्या होत्या, पण त्यात घालायची दारू किल्ल्यात. शेगडी आहे आणि गॅस नाही, तशी गत!"

मदामनी हातातला खडू मावशींना दिला आणि स्वतः खुर्चीत बसल्या. उरलेला तास मावशींनी घेतला. शेवटी मदाम एवढंच म्हणाल्या, "सात जण कोण ते महत्त्वाचं नाही. राजाच्या एका चिठ्ठीवर कुणालाही चौकशीविना आत टाकत. आठवा कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं."



*

मदामनी सांगितलं, सतराशे एकोणनव्वदच्या चौदा जुलैला फ्रान्सच्या राजानं रोजनिशीत लिहिलं होतं, 'काही नाही'! म्हणजे शिकारीत काही मिळालं नाही. तिकडे किल्ला पडला होता.

संध्याकाळी मिलिंदनं बूट काढता काढता रोजच्यासारखं विचारलं, "काय केलंस आज?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि मलाच हसू फुटलं. मग त्याला सगळं सांगावं लागलं. वरण गार झालं तरी सांगत होते. तो ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडला, "आज काही पडलं का?"

*

स्वातंत्र्य, समता, बंधुता. मदामनी तिन्ही शब्द फळ्यावर मोठ्ठे लिहिले आणि म्हणाल्या, "ही आमची जगाला भेट!"

मावशींनी हात वर केला. "मदाम, हे आमच्या संविधानाच्या पहिल्या पानावर आहे. पण तुमच्याकडून आलं असं आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे बुद्धानं सांगितलंय."

"कधी?"

"अडीच हजार वर्षं झाली."

मदामनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता भांडण! तर त्या म्हणाल्या, "फ्रेंच माणसं नेहमीच उशिरा पोचतात."

"आणि आमच्याकडे या तिघांच्या आधी न्याय आहे," मावशी काही सोडेनात. "तुमचा कुठंय?"

"तो शोधायलाच तर किल्ल्यावर गेलो होतो!"

मग दोघींनी मावशींच्या थर्मासमधला चहा एकाच कपातून घेतला.

*

अमेरिकेत फ्रान्सच्या या राष्ट्रीय सणाला किल्ल्याचं नाव लावतात, त्याचा मदामना भयंकर राग. "आम्ही नुसतं चौदा जुलै म्हणतो!"

"आमच्यातही चौदा एप्रिल म्हटलं की पुरे," मावशी म्हणाल्या. "पुढे काही सांगावं लागत नाही."

त्यात आणखी गंमत. सुट्टीचा कायदा करायची वेळ आली तेव्हा काही पुढाऱ्यांना किल्ल्यावरचा रक्तपात नको होता. मग तोडगा निघाला. किल्ला पडल्यावर बरोबर वर्षानं त्याच तारखेला सगळ्यांनी एकत्र येऊन शपथा घेतल्या होत्या, जेवणावळी झाल्या होत्या. ज्याला जी चौदा हवी, ती त्यानं धरावी!

"साखरपुड्यातच लग्न उरकलं की हो!" शुभा म्हणाली.

*

आणि मग चौदा तारीख.

मदामना भरपूर माणसं हवी होती. शेवटचा दिवस असेल तर तो दणक्यात व्हावा. फोन करायचं काम शुभाकडे. तिनं फ्रीमाँटपासून क्युपर्टिनोपर्यंत सगळ्या मराठी घरांत फोन केले. "चौदाला संध्याकाळी मदामकडे कार्यक्रम आहे, नक्की यायचं!" कसला, ते सांगायला विसरली.

आता एकट्या वयस्कर बाईंकडे कार्यक्रम म्हटल्यावर आपली माणसं काय समजणार? पंचाहत्तरी!

ऑफिसं सुटली तशा क्लबहाउसपाशी गाड्या येत गेल्या. कुणी साडी आणली, कुणी नारळ, कुणी श्रीखंड. एका काकूंनी तर कणकेचे पंचाहत्तर दिवे करून आणले होते. "मदाम, पूर्वेकडे तोंड करून बसा," म्हणेपर्यंत दिवे लागलेही. मदाम कुंकू लावून, मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या आणि आमच्याकडे नुसत्या पाहत होत्या. आम्हा तिघींत सांगायची हिंमत कुणाचीच होईना.

तेवढ्यात छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला!

ग्रेग धावत आला. दिवे विझवले, खिडक्या उघडल्या, अलार्म थांबला. मग त्यानं गर्दी पाहिली, फळ्यावरचा किल्ला पाहिला. "ही सभा आहे का?"

"बर्थडे!" सगळे एका सुरात ओरडले.

ग्रेग मदामकडे वळला. "आज तुमचा वाढदिवस?"

इतिहासात एक तारीख चुकली तरी फळा पुसायला लावणाऱ्या मदाम! मी मावशींचा हात घट्ट धरला.

मदाम उठल्या. पदर नव्हता, तरी सावरल्यासारखं केलं. "आज वाढदिवसच आहे."

"कितवा?"

"दोनशेच्या वर!"

ग्रेग हसला. "वाढदिवस हा घरगुती समारंभ. त्याला माझी हरकत नाही." आणि श्रीखंडाची वाटी घेऊन बसला.

पुढच्या मंगळवारी नलूमावशींचा वाढदिवस झाला. गुरुवारी शुभाचा. त्याच्या पुढच्या मंगळवारी माझा, चोविसावा. दर वेळी ग्रेग डोकावायचा, आम्ही खडू लपवायचो.

लगेच त्याच आठवड्यात, गुरुवारी, तो स्वतःच कपकेक घेऊन आला. "आज कोणाचा?"

वर्गातले वाढदिवस संपले होते. शेवटी मीच हात वर केला. "माझा."

"मंगळवारी चोविसावा होता ना? मग आज कितवा?"

"तेविसावा," मदाम फळ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "फ्रेंच पद्धत, उशिरा पोचला!"

ग्रेगनं थोडा विचार केला आणि कपकेकवर मेणबत्ती खोचली. पेटवली मात्र नाही.