भाग्याक्का घरी येऊन बघते

वडगावात कॉम्प्युटर बिघडला की लोक आधी तो बंद-चालू करतात, मग त्याला शिव्या घालतात आणि शेवटी भाग्याक्काकडे आणतात. भाग्यलक्ष्मी विणकरांच्या घरातली. दुकान एवढंसं, पण बाईची एक सवय लाखमोलाची: रोग सापडला नाही म्हणून ती "नवीन घ्या" म्हणत नाही, घरी येऊन बघते. मशीन जिथं आजारी पडतं तिथंच त्याची नाडी बघावी, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनीही ऐकावं असं आहे.

ओमकार या गेमवेड्या पोराच्या कॉम्प्युटरचा रोग तर फारच चावट होता. गेम रंगात आला की चित्र गोठायचं, आणि एसएसडी, म्हणजे सगळं साठवून ठेवणारा ड्राइव्ह, कॉम्प्युटरला दिसेनासाच व्हायचा. थोडा वेळ बंद ठेवला की साहेब पुन्हा हजर! टिळकवाडीच्या ऑनलाइन गेमच्या टीममध्ये ओमकारला मोठ्या मुश्किलीनं जागा मिळाली होती, आणि ऐन सामन्यात तोच गायब. कॅप्टन विक्रमनं निर्वाणीचं सांगितलं होतं, रविवारी परत गायब झालास तर दुसरा गडी घेऊ.

भाग्याक्कानं दुकानात ड्राइव्ह तपासला. तब्येत ठणठणीत. काढून पुसून पुन्हा बसवला, दुपारभर गेम चालवला, काही झालं नाही. घरी नेल्यावर मात्र संध्याकाळीच ओमकारचा फोन आला.

"आक्का, परत गेलं बघा."

"काय हलवू नकोस. मी येते."

घरात पुढच्या खोलीत यंत्रमाग खडखडत होते, हवेत धाग्यांची तूस उडत होती. ओमकारनं आतल्या खोलीत गेम लावला. भाग्याक्का ड्राइव्हच्या तापमानाचा आकडा बघत बसली. दुकानात शहाण्यासारखा बसलेला आकडा इथं चढतच निघाला. तिनं वायरी बघितल्या, वीज बघितली. तेवढ्यात चित्र गोठलं. कॅबिनेट उघडायला तिनं टेबलाखाली हात घातला, तर हाताला पत्र्याऐवजी कापड लागलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जरीकाठाची सुरेख खोळ होती ती. आल्या आल्या समोरच होती, पण दिसेल कशी? मागाच्या घरात टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ; भाग्याक्काच्या स्वतःच्या घरीही तेच. दुकानात येताना ओमकार खोळ घरी घडी करून ठेवायचा, म्हणून तिथं रोग नाही. घरी गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड तापायचं, हवा आतच कोंडायची, आणि कार्डाखालचा ड्राइव्ह भाजून निघायचा.

दारात ओमकारची आई नागुबाई उभी होती. "मी शिवली गं," ती कौतुकानं म्हणाली. "खांदा धरला तवा हातमाग सोडला न्हवं, त्यावरची शेवटची साडी. तूस जाऊन पोराचं मशीन बिघडंल म्हणून. किती मनापासून खेळतोय त्यो!"

वायर सैल होती म्हणून सांगावं, असं भाग्याक्काच्या ओठांवर आलं होतं. पण तिला खोटं जमत नाही.

"मावशी, मशीन ह्यानंच गुदमरतंय."

नागुबाईचा चेहरा पडला. "म्हंजे मीच बिघडवलं व्हय?"

"बिघडलं न्हाय अजून. आणि तुमचं बी खरं हाय, तूस आत गेली तर पंखा अडकतोय. खोळ फकस्त चुकीच्या जागी हाय. मशीनला नको, दाराला घाला. तूस मागाकडंच ऱ्हाईल."

नागुबाई क्षणभर खोळीवरून हात फिरवत राहिली. मग स्वतःच कात्री आणून तिनं टाके उसवले, पेटीतून त्या साडीचा उरलेला तुकडा काढून जोडला आणि दोन खोल्यांमधल्या दाराला पडदा लावला. त्या संध्याकाळी आकडा चढला नाही.

रविवारी भाग्याक्का दुसऱ्या कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसली होती, पण जीव फोनमध्ये अडकलेला. फोन वाजला.

"आक्का, हरलो!" ओमकार आनंदानं ओरडत होता. "शेवटपर्यंत खेळलो आणि हरलो! विक्रम म्हणतोय, पुढच्या खेपंला बी तूच."

भाग्याक्काला हसू आवरेना. एवढ्या खुशीनं हरलेला माणूस तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

"थांबा हं, आई कायतरी विचारतीया." पलीकडे जरा कुजबूज झाली. "पडदा चालला का, म्हणतीया."

"चालला म्हणून सांग," भाग्याक्का म्हणाली. "लई झ्याक चालला."